विश्लेषण : रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला, म्हणजे पायात रक्ताची गुठळी नाहीच का?

पायातील खोल शिरेत झालेली गुठळी शोधण्यासाठी आता सोनोग्राफी आणि रक्ताची एक साधी चाचणी पुरते, असे सांगितले जाते. या चाचण्या चांगल्या आहेत यात शंका नाही. पण त्यांची अचूकता यंत्रावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती चाचणी कोणाची केली जात आहे यावरही असते. ही दुसरी गोष्ट रिपोर्टवर छापलेली नसते.

समजा, एकाच दिवशी दोन रुग्ण एकाच लॅबमध्ये आले. पहिला २८ वर्षांचा तरुण. रविवारी टेनिस बॉल क्रिकेट खेळताना पोटरीत कळ आली, आता तिथे दुखते आहे, हात लावू देत नाही. दुसऱ्या ६२ वर्षांच्या बाई. कर्करोगावर उपचार सुरू आहेत आणि दोन दिवसांपासून डावा पाय मांडीपर्यंत सुजला आहे, बोट दाबले तर खड्डा पडतो. दोघांचीही ‘डी-डायमर’ चाचणी झाली आणि दोघांचाही रिपोर्ट आला, ‘निगेटिव्ह’.

तरुण निर्धास्तपणे घरी जाऊ शकतो. बाईंना मात्र त्या रिपोर्टवर घरी पाठवणे धोक्याचे आहे. लॅब तीच, यंत्र तेच, आकडाही तोच. मग अर्थ वेगळा कसा?

हा आजार नेमका काय आहे?

पायातून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरा दोन प्रकारच्या असतात. त्वचेखाली दिसणाऱ्या, आणि स्नायूंच्या आत खोलवर असलेल्या. खोल शिरेत रक्त गोठले की त्याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, थोडक्यात डीव्हीटी म्हणतात. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे, मोठी शस्त्रक्रिया, हाड मोडून प्लास्टर बसणे, कर्करोग, गरोदरपण व बाळंतपणानंतरचे काही आठवडे, काही हार्मोनच्या गोळ्या ही त्याची नेहमीची कारणे.

पायातली गुठळी पायातच राहिली तर सूज आणि वेदना एवढ्यावर निभावते. पण तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकला, तर जीवावर बेतते. याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. गुडघ्याच्या वरच्या, म्हणजे मांडीतील शिरांमधल्या गुठळ्या यात जास्त धोकादायक. पोटरीतल्या गुठळ्या बऱ्याचदा आपोआप विरघळतात, मात्र काही जणांमध्ये त्या आठवडाभरात वर सरकतात.

निदान चुकले तर नुकसान दोन्ही बाजूंनी आहे. गुठळी असून सुटली तर मृत्यूचा धोका. नसताना ‘आहे’ म्हटले तर किमान तीन महिने रक्त पातळ करणारी औषधे, त्यांचा खर्च आणि पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. म्हणून ‘कशाला रिस्क, गोळ्या सुरू करून टाकू’ हा मार्ग दिसतो तितका सुरक्षित नाही.

डॉक्टरांना पाय पाहून कळत नाही का?

पूर्वी पाऊल वरच्या बाजूला दुमडून पोटरीत कळ येते का, हे पाहिले जाई. अमेरिकी शल्यविशारद जॉन होमन्स यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते आणि वैद्यकीय विद्यार्थी ती आजही पाठ करतात. पण गुठळी असलेल्या अनेकांमध्ये ती दिसत नाही आणि स्नायू दुखावलेल्या अनेकांमध्ये दिसते. निव्वळ तिच्यावर विसंबणे नाणेफेकीपेक्षा फारसे बरे नाही. लक्षणे घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांमध्येही बहुतेकांच्या पायात गुठळी नसते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका मोठ्या अभ्यासात गुठळीचा संशय असलेल्या रुग्णांपैकी सुमारे १६ टक्क्यांमध्येच ती खरोखर सापडली. बाकीच्यांची सूज कशाची? स्नायू फाटणे, त्वचेखालचा जंतुसंसर्ग, गुडघ्यामागची पाण्याची गाठ, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार.

म्हणून वैद्यकशास्त्राने पुरावा मागितला. अनेक वर्षे हा पुरावा म्हणजे व्हेनोग्राफी होती. पावलाच्या शिरेत सुई घालून रंगद्रव्य सोडायचे आणि एक्स-रे काढायचे. गुठळी असेल तिथे रंग अडतो. खात्रीची, पण दुखणारी, खर्चिक चाचणी. काहींना रंगद्रव्याची अ‍ॅलर्जी होई, तर क्वचित त्याच रंगद्रव्यामुळे शिरेत नवी गुठळी तयार होई. शंभरातल्या पंधरा-सोळा जणांचा आजार शोधण्यासाठी शंभर जणांना हे भोगायला लावणे परवडणारे नव्हते. न टोचता निदान करण्याची धडपड तिथून सुरू झाली.

एकेकाळची नावाजलेली चाचणी मागे का पडली?

अचूकतेचा आकडा किती फसवा असू शकतो, याचा धडा इम्पिडन्स प्लेथिस्मोग्राफी या चाचणीने दिला. नाव जड असले तरी तत्त्व सोपे आहे. रक्तातून वीज चांगली वाहते. मांडीला पट्टा बांधून त्यात हवा भरली की पोटरीत रक्त साठते आणि तिथला विद्युतरोध कमी होतो. पट्टा एकदम सैल केला की रक्त झपाट्याने वर जाते आणि रोध पूर्ववत होतो. वर गुठळी असेल तर रक्त रेंगाळते, रोध हळूहळू बदलतो.

१९७० आणि १९८०च्या दशकांत कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठासह अनेक केंद्रांनी ही चाचणी तपासली. मांडीतील गुठळ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक ती पकडते, असे निष्कर्ष आले. अनेक रुग्णालयांनी तिच्यावर भिस्त ठेवली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा मोजणी झाली, तेव्हा हेच प्रमाण दोनतृतीयांशाच्या आसपास आले. १९९१ मध्ये या चाचणीच्या संगणकीकृत रूपाचा एक युरोपीय अभ्यास तर मुदतीआधीच थांबवावा लागला. चाचणीत ‘निर्दोष’ ठरलेल्या काही रुग्णांचा नंतर फुप्फुसातील गुठळीने मृत्यू झाला होता.

यंत्र बिघडले नव्हते. रुग्ण बदलले होते. सुरुवातीच्या काळात पाय चांगलाच सुजल्यावर, शिरेचा बोळा बंद झाल्यावर लोक मोठ्या रुग्णालयात पोहोचत. पुढे जागरूकता वाढली, डॉक्टर लवकर पाठवू लागले आणि लहान, शीर पूर्ण न अडवणाऱ्या गुठळ्या घेऊन लोक येऊ लागले. ही चाचणी अडथळा मोजते. रक्त गुठळीच्या कडेने वाहत असेल, तर तिला काहीच दिसत नाही. मोठ्या गुठळ्यांवर मिळवलेले गुण लहान गुठळ्यांच्या परीक्षेत टिकले नाहीत.

सोनोग्राफी किती अचूक?

त्याच सुमारास सोनोग्राफीने जागा घेतली. आपल्याकडे बहुतेकांना ती ‘पायाचा डॉपलर’ म्हणून माहीत आहे. डॉपलरमुळे रक्ताचा प्रवाह रंगांत दिसतो हे खरे, पण निदानाचा कणा वेगळाच आहे. प्रोबने शीर दाबून पाहणे. निरोगी शीर मऊ नळीसारखी असते, दाबली की चपटी होते. आत गुठळी असेल तर ती दबत नाही. जांघेत आणि गुडघ्यामागच्या खळग्यात अशा दोन ठिकाणी दाबून पाहिले तरी मांडीतील बहुतेक गुठळ्या कळतात.

१९८९ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी २२० रुग्णांची सोनोग्राफी आणि व्हेनोग्राफी अशी दोन्ही करून तुलना केली. मांडीत गुठळी असलेले सर्व ६६ रुग्ण सोनोग्राफीत सापडले. गुठळी नसलेल्या १४३ पैकी १४२ जणांना तिने बरोबर ‘नाही’ म्हटले. इतके लखलखीत निकाल वैद्यकात विरळाच. पण त्याच अभ्यासात एक कमी चर्चिलेली ओळ होती. ज्यांची गुठळी फक्त पोटरीत होती अशा ११ पैकी अवघे चार जण सापडले.

पुढे जगभर असे बरेच अभ्यास झाले. ब्रिटनमधील शेफील्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये ते एकत्र करून हिशेब मांडला. मांडीतील गुठळ्यांपैकी सुमारे ९४ टक्के सापडतात, पोटरीतल्या सुमारे ६४ टक्के, आणि गुठळी नसलेल्या शंभरपैकी ९४ जणांना योग्य तो ‘नाही’ निकाल मिळतो. शंभर टक्के कुठेच नाही.

आणि हे आकडेही लक्षणे असलेल्या रुग्णांचे आहेत. सांधेरोपणासारख्या शस्त्रक्रियेनंतर कोणतीही तक्रार नसलेल्यांची केवळ खबरदारी म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा मांडीतील गुठळ्या पकडण्याचे प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात घसरले. कारण पुन्हा तेच. तक्रार न करणारी गुठळी बहुधा लहान असते. यंत्र बदलले, धडा मात्र तोच राहिला.

डी-डायमर म्हणजे काय, आणि ते का फसवते?

करोनाकाळात, विशेषतः २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, डी-डायमर हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑक्सिजनच्या पातळीबरोबर डी-डायमरचे आकडे फिरत होते. शरीरात गुठळी तयार झाली की ती विरघळवण्याचे कामही सुरू होते. त्या मोडतोडीत सुटणारे तुकडे म्हणजे डी-डायमर.

अडचण अशी की, अशी मोडतोड अनेक कारणांनी होते. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, जखम, कर्करोग, गरोदरपण, नुसते वाढलेले वय. वाड्यावरचा कुत्रा चोरावर भुंकतो, तसा पोस्टमनवरही भुंकतो आणि पाहुण्यांवरही. तो भुंकला म्हणून चोर आलाच असे कोणी म्हणत नाही. पण रात्रभर तो गप्प राहिला, तर घरचे निवांत झोपतात. डी-डायमरचा उपयोग नेमका इतकाच आहे. तो वाढलेला असणे हा गुठळीचा पुरावा नाही. तो कमी असणे हे दिलासादायक आहे, तेही ज्यांच्यात मुळात शक्यता कमी आहे त्यांच्यापुरते. लक्षणे सुरू होऊन बरेच दिवस झाले असतील किंवा रक्त पातळ करणारे औषध आधीच सुरू असेल, तर हा कुत्रा चोर असतानाही गप्प राहू शकतो.

त्यात एककांचा गोंधळ. काही लॅब ‘एफईयू’ या एककात आकडा देतात, काही ‘डीडीयू’मध्ये. पहिल्या पद्धतीतले ५०० हे दुसऱ्या पद्धतीतल्या साधारण २५० च्या बरोबरीचे. कुठे नॅनोग्रॅम लिहिलेले असते, कुठे मायक्रोग्रॅम. म्हणून एका लॅबचा ‘०.५’ आणि दुसरीचा ‘५००’ हे एकच असू शकतात, आणि दोन लॅबचे ३०० हे आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतात. पन्नाशीनंतर वय गुणिले दहा ही मर्यादा अनेक डॉक्टर धरतात. म्हणजे ७५ वर्षांच्या व्यक्तीसाठी एफईयू एककात ७५०. हा हिशेब न करता ५०० ची एकच रेघ सगळ्यांना लावली, तर ज्येष्ठ नागरिकांपैकी कित्येक जण विनाकारण ‘पॉझिटिव्ह’ ठरतात.

एकच चाचणी, दोन अर्थ : हिशेब काय सांगतो?

आता सुरुवातीच्या दोन रुग्णांकडे परत. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टर फिलिप वेल्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये रुग्णांचे चाचणीआधीच तीन गट पाडून दाखवले. कमी शक्यता असलेल्या गटात प्रत्यक्षात ३ टक्के जणांना गुठळी होती, मध्यम गटात १७ टक्के, तर जास्त शक्यतेच्या गटात ७५ टक्के. क्रिकेट खेळणारा तरुण पहिल्या गटातला, कर्करोगाच्या बाई तिसऱ्या.

उदाहरणासाठी धरू, की डी-डायमर चाचणी गुठळी असलेल्या शंभरपैकी ९५ जणांना पकडते आणि नसलेल्या शंभरपैकी ५० जणांना बरोबर ‘निगेटिव्ह’ म्हणते.

तरुणासारखे हजार जण घेतले, तर त्यातल्या ३० जणांना गुठळी असेल. चाचणीतून एखाददुसराच निसटेल. उरलेल्या ९७० पैकी ४८५ जण ‘निगेटिव्ह’ येतील. म्हणजे ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट मिळालेल्या साधारण सव्वातीनशे जणांमागे एकालाच गुठळी. घरी जायला हरकत नाही.

बाईंसारखे हजार जण घेतले, तर ७५० जणांना गुठळी असेल. त्यातले ३७-३८ जण निसटतील. गुठळी नसलेल्या २५० पैकी १२५ जण ‘निगेटिव्ह’ येतील. आता ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट हातात असलेल्या सुमारे १६२ जणांपैकी जवळजवळ चारांत एकाला गुठळी आहे. कागदावरचा शब्द एकच, पण पहिल्यासाठी तो दिलासा आहे आणि दुसरीसाठी सापळा.

सोनोग्राफीलाही हाच नियम लागू. ९४ टक्क्यांचे आकडे धरले, तर तरुणाच्या गटात २८ खऱ्या गुठळ्या सापडतील, पण ५८ जणांना नसलेली गुठळी ‘दिसेल’. म्हणजे तीन ‘पॉझिटिव्ह’मागे एकच खरा. बाईंच्या गटात ज्यांना ‘सोनोग्राफी नॉर्मल’ असे सांगितले जाईल, त्यातल्या सहांत एकाला गुठळी असेल.

सरसकट सगळ्यांना सगळ्या चाचण्या केल्या की अचूकता वाढते, हा समज इथे कोसळतो.

मग योग्य क्रम कोणता?

आधी प्रश्न, मग रक्त, मग यंत्र. वेल्स यांच्या गुणपत्रिकेत सध्या दहा मुद्दे आहेत. कर्करोग आहे का? पायाला लकवा किंवा प्लास्टर? तीन दिवस किंवा अधिक अंथरुणावर, किंवा गेल्या १२ आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया? खोल शिरेच्या रेषेवर दाबल्यावर दुखते? संपूर्ण पाय सुजला आहे? एका पोटरीचा घेर दुसरीपेक्षा तीन सेंटीमीटरहून जास्त? त्याच पायावर बोटाने खड्डा पडतो? त्वचेवर नव्या फुगलेल्या शिरा? पूर्वी गुठळी झाली होती? प्रत्येक ‘हो’साठी एक गुण. दहावा मुद्दा उलटा आहे. दुसरे कारण तितकेच किंवा जास्त संभवत असेल, तर दोन गुण वजा. बेरीज दोन किंवा अधिक झाली, तर गुठळीची शक्यता धरायची.

या तपासणीसाठी शिंप्याकडे असते तशी टेप, दोन हात आणि पाच मिनिटे लागतात.

या क्रमाचा कस २००३ मध्ये लागला. वर उल्लेखलेल्या कॅनडातील अभ्यासात १,०९६ रुग्ण होते. एका गटात प्रश्नांनंतर थेट सोनोग्राफी, दुसऱ्या गटात प्रश्नांनंतर आधी डी-डायमर. दुसऱ्या गटातील ३९ टक्के रुग्णांना सोनोग्राफीची गरजच पडली नाही. आणि गुठळी नाही असे ठरवून घरी पाठवलेल्यांपैकी पुढच्या तीन महिन्यांत केवळ ०.४ टक्के जणांना ती निघाली. एकही नवे यंत्र न आणता, फक्त आहे त्या साधनांचा क्रम लावून हे साधले.

शक्यता जास्त असेल, तर डी-डायमरसाठी न थांबता सोनोग्राफी. ती नॉर्मल आली तरी डी-डायमर वाढलेला असेल, तर आठवड्याने पुन्हा सोनोग्राफी. पोटरीतली न दिसलेली गुठळी वर सरकणार असेल, तर बहुधा याच काळात सरकते. संपूर्ण पायाची सोनोग्राफी एकदाच करायची, की दोन ठिकाणी दाबून डी-डायमरच्या निकालानुसार आठवड्याने पुन्हा पाहायचे, याची तुलना इटलीत दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुटलेल्या गुठळ्यांचे प्रमाण १.२ आणि ०.९ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. साधी पद्धतही पुरेशी आहे. अट एकच, रुग्णाने ठरलेल्या दिवशी परत यायला हवे.

कॅनडाचा नियम महाराष्ट्रात जसाच्या तसा चालेल?

नाही, आणि हे मान्य करणे गरजेचे आहे. नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत हीच गुणपत्रिका तपासली, तेव्हा ‘कमी शक्यता’ गटात तीन टक्क्यांऐवजी १२ टक्के जणांना गुठळी सापडली. रुग्णालयात तयार झालेला नियम दवाखान्यात ढिला पडला. मग पूर्व विदर्भात काय होईल? गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत हत्तीरोग आहे. तिथे सुजलेल्या पायाला ‘दुसरे कारण’ सहज सापडते आणि दोन गुण वजा करण्याचा मोह होतो. हत्तीरोग असलेल्या माणसालाही गुठळी होऊ शकते. भारतीयांमध्ये हा आजार विरळाच, हा समजही वैद्यकीय वर्तुळात बराच काळ होता. जे विरळ मानले जाते, ते शोधले जात नाही. आणि शोधले नाही, की ते विरळच राहते.

दुसरा प्रश्न यंत्राचा. परदेशात तातडीच्या विभागातील डॉक्टर स्वतःच लहान सोनोग्राफी यंत्राने शीर दाबून पाहतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि वापरावर नियंत्रण आहे. मुलींच्या जन्माचे घटलेले प्रमाण पाहिलेल्या महाराष्ट्राला त्या कायद्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण परिणाम असा, की रात्री अकरा वाजता तालुक्याच्या ठिकाणी पायाची सोनोग्राफी मिळणे कठीण असते. यंत्र जिथे दुर्मीळ, तिथे ते कोणासाठी वापरायचे हे ठरवणारे दहा प्रश्न अधिकच मोलाचे ठरतात.

कोणाच्या बाबतीत रिपोर्ट जास्त सावधपणे वाचावा?

गरोदर महिला : डी-डायमर या काळात नैसर्गिकरीत्याच वाढतो. गुठळी बहुतेकदा डाव्या पायात होते आणि कधी ओटीपोटातल्या शिरेत असते, जिथे प्रोबने दाबून पाहता येत नाही. गुणपत्रिकाही गरोदर महिलांसाठी बनवलेली नाही.

पूर्वी गुठळी झालेले : उपचारानंतरही शीर पूर्ण मोकळी होतेच असे नाही. वर्षभरानंतरही जवळपास निम्म्या रुग्णांची शीर सोनोग्राफीत नीट दबत नाही. पुन्हा पाय दुखला, तर ती नवी गुठळी की जुना व्रण, हे सांगणे अवघड जाते. उपचार संपताना एक सोनोग्राफी करून तो रिपोर्ट जपून ठेवला, तर पुढे तुलनेला उपयोगी पडतो.

कर्करोगाचे रुग्ण आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले : यांचा डी-डायमर बहुधा वाढलेलाच असतो आणि गुठळीची शक्यताही जास्त. यांच्यासाठी रक्तचाचणीत वेळ घालवण्यापेक्षा थेट सोनोग्राफी योग्य.

काय बदलायला हवे?

पहिली गोष्ट, चाचणीच्या चिठ्ठीवर कारण. ‘पायाचा डॉपलर’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी रेडिओलॉजिस्टला अर्धी माहिती देते. संशय किती आणि का, हे दोन शब्दांत लिहिले तर रिपोर्टचा अर्थ लावता येतो. दुसरी, रिपोर्टची भाषा. कोणत्या शिरा दाबून पाहिल्या, पोटरी पाहिली की नाही आणि गरज असल्यास पुन्हा कधी यायचे, हे रिपोर्टमध्येच असायला हवे. तिसरी, लक्षणे नसताना ‘पॅकेज’मध्ये डी-डायमर करून घेण्याची करोनाकाळात लागलेली सवय मोडायला हवी. तिथे मिळणारा ‘पॉझिटिव्ह’ बहुतेकदा फक्त झोप उडवतो आणि पुढच्या खर्चाची दारे उघडतो.

चौथी गोष्ट सरकारने करायची आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत या दहा प्रश्नांचा मराठी तक्ता भिंतीवर लावण्यासाठी निधीची वाट पाहावी लागत नाही. तो आपल्या रुग्णांवर तपासून पाहण्याचे काम राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये करू शकतात. नवी यंत्रे येतील, प्रोब कुठे धरायचा हे सांगणारी संगणकीय प्रणालीही येऊ लागली आहे. तिच्या जाहिरातीतही एक मोठा टक्केवारीचा आकडा असेल. तेव्हा विद्युतरोध मोजणाऱ्या त्या जुन्या चाचणीची आठवण ठेवून विचारायला हवे, की हा आकडा कोणत्या रुग्णांवर काढला?

रुग्णाने स्वतः तीन प्रश्न विचारावेत. माझ्या बाबतीत गुठळीची शक्यता आधीच किती होती? हा रिपोर्ट ती शक्यता पुरेशी खाली आणतो का? आणि पुन्हा तपासायचे असेल तर कोणत्या तारखेला? मधल्या काळात अचानक दम लागला, छातीत दुखू लागले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर तारखेची वाट न पाहता आणि ‘निगेटिव्ह’ रिपोर्टच्या भरवशावर न राहता थेट रुग्णालय गाठावे.